उद्दिष्टं आधी, मुलं नंतर?

परवा रविवारी नात आली होती. नात म्हणजे माझ्या भाचीची मुलगी. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी ३६ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात कुणाच्याही डोक्यात मास्तरकीचं खूळ शिरलं की त्याची पहिली फेरी माझ्याकडे होते. पोहे झाले, चहा झाला, आणि मग तिनं पिशवीतून एक छापील कागद काढला. वर मथळा : 'आंतरवासिता काळातील माझी उद्दिष्टे'. खाली एक ते दहा आकडे आणि पुढे रिकाम्या ओळी.

"आजी, दहा उद्दिष्टं सांग ना पटापट. उद्या कागद द्यायचाय, आणि पुढच्या सोमवारपासून शाळा."

"वर्ग कुठला मिळालाय?"

"आठवी ड."

"किती मुलं आहेत?"

"माहीत नाही गं. मी त्या शाळेत अजून गेलेय कुठे?"

"मग उद्दिष्टं कुणासाठी सांगू?"

तिला वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते. मी सांगणार नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला, आणि अर्ध्या तासात ती उठून गेली. संध्याकाळी भाचीचा फोन. "मावशी, तू एवढी शिकवलेली बाई, दहा ओळी सांगितल्या असत्यास तर काय बिघडलं असतं? तिला त्याला मार्क आहेत." भाचीचंही बरोबर आहे. मार्क आहेत. पण बिघडलं असतं, आणि काय बिघडलं असतं ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख. भाचीनंही वाचावा, नातीनंही वाचावा, आणि ज्यांच्या घरात कुणी डी.एड., बी.एड. करतंय त्यांनी तर जरूर वाचावा.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या वेळी बी.एड. एक वर्षाचं होतं. सराव पाठ घ्यायचे, परीक्षा द्यायची, झालात मास्तर. २०१४च्या नव्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं आणि त्यात शाळेतला काळ किमान वीस आठवड्यांचा झाला. पहिल्या वर्षी साधारण चार आठवडे, दुसऱ्या वर्षी सोळा. यालाच आंतरवासिता म्हणतात, काही ठिकाणी छात्रसेवाकाल. डॉक्टर होणारा मुलगा जसा दवाखान्यात राहून शिकतो, तसं शिक्षक होणाऱ्यानं शाळेत राहून शिकावं ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम आहे, माझं तिच्याशी काहीही भांडण नाही. त्याआधी सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला होता, त्याचा अहवाल २०१२ साली आला. त्या प्रकरणाची सुरुवातच मुळी आपल्या महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून झाली होती, हे आपण विसरून गेलोय. गल्लोगल्ली निघालेली महाविद्यालयं आणि शाळेची पायरी न चढलेले शिक्षक, हे दुखणं सगळ्यांना दिसत होतं. औषध म्हणून शाळेतला काळ वाढवला.

काळ वाढला, पण कागद तोच राहिला! माझं भांडण त्या कागदाशी आहे.

नातीनं मला तिच्या मैत्रिणीनं भरलेला कागद दाखवला होता. त्यातली काही उद्दिष्टं मला चांगली आठवतात. 'विद्यार्थीकेंद्री अध्यापन करणे.' 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर करणे.' 'वर्गव्यवस्थापनाची कौशल्ये विकसित करणे.' 'विद्यार्थ्यांमध्ये मूल्यांची रुजवणूक करणे.' 'स्वतःचा व्यावसायिक विकास साधणे.' अशी दहा. एकही वाक्य चुकीचं नाही. व्याकरणही शुद्ध. पण ही दहा वाक्यं उचलून गडचिरोलीच्या आश्रमशाळेत ठेवा, दादरच्या शाळेत ठेवा, बालवाडीत ठेवा नाहीतर अकरावीत ठेवा, कुठेही बसतील. जो कपडा कुणाच्याही अंगाला होतो तो कुणासाठीच शिवलेला नसतो.

आणि आता तर त्याहून पुढची पायरी आलीय. पूर्वी बाजारात तयार पाठांची वही मिळायची, नंतर मोबाईलवर फायली फिरू लागल्या. आता मोबाईलमधल्या यंत्राला नुसतं विचारायचं. मी नकार दिल्यावर नातीनं माझ्यासमोरच विचारलं. अर्ध्या मिनिटात दहा उद्दिष्टं हजर! माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत. "बघ आजी," ती म्हणाली. मी बघितलं. मला यंत्राचा राग आला नाही. त्यानं तर कागदाची परीक्षाच घेतली. आठवी डची एकही मुलगी, एकही मुलगा न बघता जर ती उद्दिष्टं इतकी झकास लिहिता येत असतील, तर ती आठवी डची उद्दिष्टं नाहीतच. ती कागदाची उद्दिष्टं आहेत.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढा त्रागा कशाला? कागद भरायचा आणि विसरून जायचं. सगळे तेच करतात. मीही तेच केलं होतं. तेच तर सांगायचंय. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मी बी.एड. केलं ते १९७२-७३ साली. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, ते दुष्काळाचं साल. आमच्या भागात विहिरी आटल्या होत्या, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती, मुलांना सुकडी वाटली जात होती. आमचे सराव पाठ गावातल्या एका शाळेत चालत. मला आठवीच्या वर्गावर मराठीचा पाठ आला. कवितेचा, रसग्रहणाचा. कविता पावसाची.

टाचण मी दहा दिवस आधी काढलं होतं. तेव्हा उद्दिष्टं आणि त्यांची स्पष्टीकरणं लिहिण्याची शिस्त नवी होती आणि आमच्या प्राध्यापकांना तिचा फार अभिमान होता. ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९५६ साली केलेली उद्दिष्टांची मांडणी आमच्यापर्यंत पोचली होती. ज्ञान, आकलन, उपयोजन, रसग्रहण, अशा पायऱ्या. 'विद्यार्थी पावसामुळे सृष्टीत होणारे बदल सांगतो', 'विद्यार्थी पावसाच्या सौंदर्याचा आस्वाद घेतो', असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. गुंडाळी फळ्यावर रंगीत खडूंनी हिरवंगार शेत काढलं. प्रस्तावनेचे प्रश्न लिहिले आणि प्रत्येकासमोर अपेक्षित उत्तर लिहिलं. पहिला प्रश्न होता : 'पाऊस आला की तुम्हाला काय वाटतं?' अपेक्षित उत्तर : 'आनंद होतो.'

पाठाच्या दिवशी मागे निरीक्षक बसलेले. शेजारी माझ्या वर्गमैत्रिणी, हातात निरीक्षण वह्या. मी प्रश्न विचारला. पुढच्या बाकावरच्या मुलींनी हात वर केले. का कोण जाणे, माझं लक्ष मागे गेलं. मागच्या रांगेत एक मुलगा होता, अंगापेक्षा मोठा सदरा घातलेला. त्यानंही हात वर केला होता. मला बरं वाटलं, मागच्या मुलालाही सहभागी करून घेतलं असं दिसेल म्हणून. मी त्याला उठवलं. तो म्हणाला,

"बाई, पाऊस आला की खडी बंद. मग हजेरी पडत न्हाई."

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांना कळलं होतं तो काय म्हणतोय ते. मलाही कळलं होतं. माझे वडील तालुक्याला कारकून होते, त्या कामांच्या हजेरीपटाचे कागद आमच्या घरी कंदिलाच्या उजेडात तपासले जायचे. पाऊस पडला की काम थांबतं, काम थांबलं की मजुरी थांबते, आणि पेरलेलं हाताशी यायला तर पुढे कित्येक महिने. तो मुलगा मला आठवीच्या पुस्तकात नसलेली पावसाची एक बाजू सांगत होता. खरं तर त्या दिवशी त्या वर्गातला पाठ तिथून सुरू व्हायला हवा होता.

मी म्हणाले, "बरं, बस खाली." आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला उठवलं. ती म्हणाली, "आनंद होतो." मी म्हटलं, "छान!" आणि हेतुकथन केलं.

पाठाला चांगले गुण पडले. निरीक्षकांनी लिहिलेला शेरा अजून आठवतो : प्रस्तावना उत्तम, अनपेक्षित उत्तर कौशल्याने हाताळले.

कौशल्याने! मी त्या मुलाला गप्प बसवलं होतं आणि त्याचे मला मार्क मिळाले होते. निरीक्षक वाईट नव्हते, फार सज्जन गृहस्थ होते. मीही दुष्ट नव्हते, बावीस वर्षांची घाबरलेली मुलगी होते. पण माझ्या हातात एक कागद होता, त्यावर मुलांना काय वाटायला हवं ते दहा दिवस आधीच लिहिलेलं होतं. त्या दिवशी वर्गात मला जे मिळालं ते त्या कागदावर नव्हतं, म्हणून मी ते घेतलं नाही. त्या मुलाचं नाव मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं. विचारावं असं कुठल्या उद्दिष्टात लिहिलेलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, आता सगळं बदललं. काय बदललं ते बघू. छात्राध्यापक आजही शाळेत जाण्याआधी सूक्ष्म अध्यापन करतात. सहा मिनिटांचा छोटा पाठ, मग सहा मिनिटं प्रत्याभरण, मग बारा मिनिटांत फेरआखणी, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं चक्र. एका वेळी एकच कौशल्य : प्रश्न विचारणं, फलकलेखन, प्रबलन. यात विद्यार्थी कोण होतात? तिच्याच वर्गातल्या मैत्रिणी! पदवी झालेल्या बाविशीतल्या मुली सहावीच्या मुली होऊन बाकावर बसतात, प्रश्न विचारला की बरोबर उत्तर देतात, एखादी मुद्दाम थोडं चुकून दाखवते. हात पाय मोकळे व्हायला हे ठीक आहे. पोहण्याआधी काठावर हातवारे करावेत तसं. पण नातीच्या मनात वर्गाचं जे चित्र तयार झालंय ते त्या मैत्रिणींच्या वर्गाचं आहे. तिथे कुणी उपाशी नसतं, कुणाला वाचता येत नाही असं नसतं, कुणी तीन दिवस गैरहजर नसतं. त्या चित्रावरून ती आठवी डची उद्दिष्टं लिहिणार.

आठवी ड म्हणजे काय हे मास्तर लोकांना वेगळं सांगायला नको. कागदोपत्री तुकड्या गुणांवर पाडत नाहीत. पण बऱ्याच शाळांत अ म्हणजे कोण आणि ड म्हणजे कोण हे शिपायालाही ठाऊक असतं. 'असर'चे अहवाल २००५ पासून येतात. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षींच्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नव्हता. ही मुलं कुठे जातात? हवेत विरत नाहीत. सहावीत जातात, सातवीत जातात, आणि मग आठवीच्या कुठल्यातरी तुकडीत मागच्या बाकावर बसतात. त्यांच्यासमोर माझी नात 'तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर' घेऊन उभी राहणार. पडद्यावर अक्षरं हलतील, पोरं बघतील, पण वाचता येईल का?

मी फक्त महाविद्यालयांना बोल लावतेय असं समजू नका. शाळांनाही लावते, आणि त्यात माझी शाळा आणि मी स्वतः आलेच. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेत दरवर्षी छात्राध्यापक यायचे. माझ्या वर्गावरही यायचे. मी काय करायचे सांगू? आदल्या दिवशी मुलांना बजावायचे, "उद्या नव्या बाईंचा पाठ आहे, मागे त्यांचे सर बसणार आहेत, शहाण्यासारखं वागा, हात वर करा." हुशार मुलींना मधल्या रांगेत बसवायचे. जी मुलं अडखळतात त्यांना भिंतीकडेला. मला वाटायचं मी त्या बिचाऱ्या पोरीला मदत करतेय, तिचे मार्क जाऊ नयेत म्हणून. आणि ती शिकवत असताना मी स्टाफरूममध्ये बसून चाचणीचे पेपर तपासायचे. म्हणजे १९७३ साली माझ्या वाटेत आलेला तो मुलगा निदान उभा तरी राहिला होता. मी माझ्या छात्राध्यापिकांच्या वाटेत असा मुलगा येणारच नाही याची सोय करून ठेवली! हेही सांगायला लाज वाटते, पण सांगते. कारण आजही हेच चालतं. आजही कित्येक शाळा छात्राध्यापकांना एकतर अडगळ समजतात, नाहीतर फुकटचा मास्तर. कुणी रजेवर असेल त्याच्या तासाला पाठवा, वर्ग शांत ठेव म्हणावं. सोळा आठवडे असे जातात. शेवटी वहीत पाठांची संख्या पूर्ण, सह्या पूर्ण, दिवस पूर्ण.

आता दुसरी बाजू. ती मी स्वतःच मांडते, कारण शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक असलेले माझे एक स्नेही मला हेच म्हणाले. ते म्हणाले, "बाई, उद्दिष्ट लिहिल्याशिवाय पोरं भरकटतात. पूर्वी मास्तर वर्गात जाऊन मनात येईल ते बोलायचे. चाळीस मिनिटं गप्पा. उद्दिष्टांनी त्यांना विचार करायला लावलं, की या तासानंतर मुलाला नेमकं काय यायला हवं."

हे शंभर टक्के खरं आहे. मी टाचणाच्या विरुद्ध नाही. मी निवृत्तीच्या शेवटच्या वर्षापर्यंत टाचण काढलं, तेही मनापासून. उद्याच्या तासाला मुलाला काय यायला हवं हा प्रश्न शिक्षकानं रोज रात्री स्वतःला विचारलाच पाहिजे. पण तो प्रश्न विचारायला आधी हे माहीत पाहिजे की त्या मुलाला आज काय येतंय. ब्लूमनंसुद्धा पायऱ्या सांगितल्या, म्हणजे कुठून तरी चढायचं आहे. मूल कुठल्या पायरीवर उभं आहे ते न बघता वरच्या पायरीचं वर्णन करत बसायचं याला मी उद्दिष्ट म्हणत नाही. डॉक्टरनं रोगी खोलीत येण्याआधीच औषधाची चिठ्ठी लिहून ठेवावी, तसलं ते. माझे स्नेही हसले. म्हणाले, "पण मग आम्ही कागद कधी मागायचा?" मी म्हटलं, तिसऱ्या आठवड्यात मागा. आणि दहा ओळी नका मागू, तीन मागा. आणि त्या तिन्हीत वर्गातल्या मुलांचा नावानिशी उल्लेख हवा, अशी अट घाला. मग बघू कुठलं यंत्र लिहून देतं ते!

ते म्हणाले, विद्यापीठाच्या नमुन्यात बसणार नाही. तिथे आमचा संवाद थांबला.

गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' शिक्षकी पेशातल्या बहुतेकांनी निदान ऐकलेलं असतं. मूळ गुजराती, आता नव्वद वर्षांहून जुनं. आपल्या ताराबाई मोडकांनी याच गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलं, आणि मग इकडे येऊन बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांना घेऊन जे उभं केलं ते सर्वांना माहीत आहे. 'दिवास्वप्न'मधला मास्तर चौथीच्या वर्गावर प्रयोग करायला जातो. मोठी तयारी करून, वेळेची आखणी करून जातो. पहिल्याच दिवशी मुलांकडून शांतीचा खेळ करून घ्यायचा म्हणतो, आणि मुलं असा काही धुडगूस घालतात की त्याची सगळी योजना अर्ध्या तासात मातीत जाते. मग तो काय करतो? मुलांना शिस्तीचं भाषण देत नाही. सुट्टी देऊन टाकतो, घरी जाऊन विचार करतो, आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला सुरुवात करतो. बी.एड.च्या मुलांना हे पुस्तक सुचवतात, त्यावर टिपणही लिहायला लावतात. पण ज्या पुस्तकाचा पहिलाच धडा 'तुमची आधी केलेली योजना मोडणार आहे' हा आहे, त्याच पुस्तकावरचं टिपण आणि शाळा बघण्याआधी लिहिलेली दहा उद्दिष्टं एकाच फाइलमध्ये लावायची, यातली विसंगती कुणाला टोचत नाही याचं मला नवल वाटतं.

नुसती टीका करून मी सुटणार नाही, हे मला माहीत आहे. भाची विचारेलच, "मग तू काय लिहिलं असतंस ते तरी सांग." सांगते.

पहिलं. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव तोंडपाठ झालं पाहिजे. हजेरी क्रमांक नाही, नाव. आणि घरी त्याला काय म्हणतात तेही कळलं तर उत्तमच. हे सोपं वाटतं. पन्नास मुलांच्या वर्गात करून बघा.

दुसरं. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक मुलाला एकदा तरी आपल्या शेजारी बसवून दहा ओळी वाचून घ्यायच्या. सगळ्या वर्गासमोर नाही, व्हरांड्यात, हळू आवाजात, मधल्या सुट्टीत. कोण कुठे अडतं ते लिहून ठेवायचं. आठवीच्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही हे सगळ्यांसमोर उघडं पडलं की तो पुन्हा तोंड उघडत नाही. मुलं वाचायला नकार देतात तेव्हा बहुतेक वेळा तो उर्मटपणा नसतो, झाकपाक असते.

तिसरं. जो मुलगा सलग तीन दिवस आला नाही, तो का आला नाही हे चौथ्या दिवशी मला माहीत असलं पाहिजे. वर्गशिक्षकांना माहीत असेल तर त्यांना विचारायचं. नसेल तर त्याच्या मित्राला.

चौथं. एक पाठ मुद्दाम दुसऱ्यांदा घ्यायचा. जो फसला तोच. सराव पाठांची संख्या भरायच्या नादात फसलेला पाठ तसाच टाकून आपण पुढच्या घटकाकडे जातो. मुलाला मात्र तो कच्चाच राहतो. मी घरी बसून नवा पाठ काढण्यापेक्षा तोच पाठ पुन्हा घ्यायला जास्त अक्कल लागते.

आणि पाचवं. अनपेक्षित उत्तर आलं की टाचण खाली ठेवायचं. निदान दोन मिनिटं. मागे कोणीही बसलेलं असो.

बस्स. यात ना तंत्रज्ञान आहे ना मूल्यांची रुजवणूक. सोळा आठवड्यांत बावीस वर्षांच्या मुलीनं मूल्यं रुजवावीत अशी माझी अपेक्षाही नाही. एवढ्यानं आठवी ड हुशार होणार नाही. पण सोळा आठवड्यांनंतर त्या वर्गातली मुलं तिला ओळखत असतील, आणि तीही त्यांना. पुढे नोकरी लागेल तेव्हा (आणि कधी लागेल ते देवाला ठाऊक, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची ती वेगळीच) नव्या वर्गात शिरताना तिला कागद शोधावा लागणार नाही.

शेवटी काय झालं ते सांगते. नातीनं यंत्राची दहा उद्दिष्टं कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवली आणि सोमवारी देऊन टाकली. सही झाली. मार्कही मिळतील. मी तिला दोष देत नाही. मी तिच्या जागी असताना याहून वेगळं काही केलं नव्हतं.

बुधवारी मी वाण्याकडून एक शंभर पानी वही आणली आणि भाचीकडे गेले. नात अजून थोडी घुश्श्यातच होती. मी तिला तो पावसाचा पाठ सांगितला, जसा वर लिहिलाय तसा. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आजी, मग तू त्या मुलाला नंतर शोधलं नाहीस?"

मी म्हटलं, "नाव माहीत नसताना कसं शोधणार?"

वही तिच्यापुढे ठेवली. एका मुलाला एक पान, वर नाव. बाकी काही सांगितलं नाही. तिनं वही घेतली, पिशवीत टाकली. त्यात ती काही लिहील की ती तशीच कोरी राहील, मला माहीत नाही. परवा सोमवारी तिची शाळा सुरू होतेय.

असो. लांबण लागली. पण भाचीला उत्तर द्यायचं होतं, ते दिलं.